खरवडण्याचे पैसे वेगळे

मिस्त्रीने ओट्यावर चप्पल काढली, पाणी नको म्हणाला आणि बैठकीच्या भिंतीवर बोटाची पेरं आपटत चालू लागला. टक टक, टक टक, बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे थांबला, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि त्याच्या कडेने रंगाचा पोपडा उचकटला. मागून पिठासारखा चुना सांडला, थेट माझ्या धुतलेल्या चादरीवर.

"ताई, रंग कुठला ते नंतर बघू. आधी हे बघा. आणि आधीच सांगतो, खरवडण्याचे पैसे वेगळे."

त्याच्या आधी दोघं येऊन गेले होते. भाव दोघांनीही दिला होता, भिंतीला हात मात्र एकानेही लावला नव्हता.

आमचं घर जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला. गंगा पाच मिनिटांवर. (गोदावरी हे नाव आमच्याकडे फक्त पत्त्यात आणि पेपरात.) पुढचा अर्धा भाग जुना: ओसरी, बैठक, माजघर, वर माडी. हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. आजेसासऱ्यांनी घेतलं तेव्हाच ते जुनं होतं म्हणतात. मागचा अर्धा भाग १९८४ साली सासऱ्यांनी स्लॅब टाकून वाढवला. तिथे स्वयंपाकघर, दोन खोल्या, बाथरूम, सगळं सिमेंटचं. आत राहणाऱ्याला हे एकच घर वाटतं. रंगाऱ्याला ही दोन घरं आहेत हे कळायला हवं, आणि त्यावरूनच रंगारी ओळखावा, हे मला लाख-सव्वालाख खर्चून समजलं. मागच्या वेळचे पैसे धरले तर अजून जास्त.

मागची वेळ म्हणजे २०१७. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला होता, ओसरी-बैठकीत पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीचा खालचा भाग हिरवट-काळा पडला. तेव्हाच्या ठेकेदाराने उपाय सांगितला तो ऐकायला अगदी चोख होता: खालचा तीन फूट चुन्याचा गिलावा फोडायचा, तिथे सिमेंट मारायचं, वर वॉटरप्रूफ पुट्टी आणि भारीतला इमल्शन. वर्षभर घर लग्नाच्या मांडवासारखं दिसलं. दुसऱ्या पावसाळ्यात ओल तीन फुटांऐवजी साडेचार फुटांवर उगवली. रंगाला फोड आले, दाबले की आत मिठासारखा शोरा. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "तुमच्या घरालाच दमा आहे, त्याला मी काय करू?" वाक्य मला तेव्हा लागलं. पण चुकीचं नव्हतं. फक्त दमेकऱ्याच्या नाकावर उशी त्यानेच ठेवली होती.

म्हणून यावेळी घाई करायची नाही असं ठरवून २०२४ च्या ऑक्टोबरात चौकशीला लागलो.

पहिला आला तो शोरूमचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, लेझरचं मोजमाप यंत्र आणि ओल मोजायचं मीटर. मीटर भिंतीला टेकवलं की ओरडायचं. ओसरीत ते इतकं ओरडलं की त्याने शेवटी बंदच केलं. अंदाज आला १,७२,००० रुपये, सोबत वॉरंटीचा कागद. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे कागद शेवटाकडून वाचायची सवय आहे. शेवटी लिहिलं होतं: जमिनीतून चढणारी ओल, गळती आणि गिलाव्यातले दोष वगळून. म्हणजे आमचं घर वगळून.

दुसरा ठेकेदार नणंदेने पाठवला. तिचा गंगापूर रोडचा फ्लॅट त्याने छान रंगवला होता. तो दारातूनच म्हणाला, "दिवाळीच्या आत हातावेगळं करतो." मटेरियलसह २४ रुपये चौरस फूट, क्षेत्र ४,१०० फूट, निम्मे पैसे आधी. दारं-खिडक्या वेगळ्या. नवऱ्याला हिशोब पटला होता, पण नेमके त्या दिवशी मामा आले होते. नवऱ्याचे मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत आणि बांधकाम मोजमापाचं सरकारी मानक, आयएस १२००, त्यांना रामरक्षेसारखं पाठ आहे. त्यांनी टेप मागवला, मला दुसरं टोक धरायला लावलं आणि दोन तासांत ३,५६० फुटांचा आकडा काढला. ५४० फुटांचा फरक, चोवीसने गुणला तर १२,९६० रुपये.

हा फरक कुठून आला ते मामांनी नीट समजावलं, आणि मला वाटतं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक, म्हणजे झरोका वगैरे, वजा करायचं नाही, कारण त्याच्या कडा रंगवायला लागतात. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंतचं, साधा दरवाजा यातच येतो, ते भिंतीच्या एका बाजूने वजा करायचं, दुसऱ्या बाजूने नाही. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी वजा आणि कडा वेगळ्या धरायच्या. ठेकेदाराने काहीच वजा केलं नव्हतं, वर कडीपाटाचं लाकूडसुद्धा भिंतीत धरलं होतं. "साहेब, हे सरकारी कामात चालतं," म्हणाला आणि पुन्हा आला नाही. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही, मला थोडं वाटलं. दिवाळी जुन्याच रंगात गेली.

मिस्त्री मिळाला तो रविवार कारंजावरच्या रंगाच्या दुकानात. मी शेड कार्ड मागायला गेले होते. दुकानदाराने घर कुठे आहे विचारलं आणि कार्ड द्यायच्या ऐवजी फोन नंबर लिहून दिला. "जुन्या गिलाव्याला तोच बरा. जरा तोंडाचा कडक आहे."

कडक होताच. नाण्याने पोपडा काढून झाल्यावर त्याने पुढच्या अर्ध्या भागाचा निकाल दिला: पुट्टी नाही, इमल्शन नाही. सिमेंटचा तीन फुटी पट्टा फोडून तिथे परत चुना. वरच्या भिंतींचा सगळा प्लास्टिकचा रंग (इमल्शनला तो प्लास्टिकच म्हणतो) खरवडून काढायचा आणि पिवडी (रंगाची पिवळी माती) घातलेल्या चुन्याचे तीन हात. नवरा म्हणाला, "चुना? आता, या काळात?" मिस्त्री म्हणाला, "साहेब, ह्या भिंतीच्या पायाला ओल अडवणारा थर नाही. पूर्वी घालतच नव्हते. जमिनीतलं पाणी चढणारच. चुना त्याला बाहेर पडू देतो. तुम्ही समोरून बूच मारलं, ते वरून निघालं." मामांनी मान डोलावली. ते एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण त्या क्षणापासून दोघं एका खात्यातले असल्यासारखे बोलायला लागले आणि मला फक्त चहा करायचं काम उरलं.

मागच्या सिमेंटच्या भागाला मात्र नेहमीचं: पुट्टी, प्रायमर, इमल्शनचे दोन हात.

व्यवहार असा ठरला: मटेरियल आमचं, मजुरी त्याची. खरवड ७ रुपये फूट, पुढच्या भागात १,४८० फूट, म्हणजे १०,३६०. ही ओळ त्याने कागदावर सगळ्यात वर लिहायला लावली. "लोक रंगाचे पैसे देतात आणि खरवडीला तोंड वाकडं करतात. मग पोरं वरवर पत्री, म्हणजे खरवडायचं पातं, फिरवतात." निम्मे पैसे आधी द्यायला मी तयार नव्हते, त्यानेही मागितले नाहीत. दहा हजार सुरुवातीला, बाकी खोली संपेल तसं. कामाची तारीख मात्र त्याची: संक्रांतीनंतर. ऑक्टोबरात भिंत चार महिन्यांचं पाणी पिऊन बसलेली असते, तिच्यावर काहीही मारलं तरी ते झाकण होतं, असं त्याचं म्हणणं.

सामान हलवण्याबद्दल लिहीत नाही. ज्यांनी हलवलंय त्यांना माहीत आहे. तांब्याचे हंडे नेमके किती आहेत हे सासूबाईंना घर रिकामं करतानाच आठवतं.

जानेवारीत सिमेंट फोडलं. त्यासाठी पंचवटीतून एक म्हातारे गवंडी आले, चुन्यात हात मुरलेले. चुना, वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी) कालवून त्यांनी तो दोन दिवस झाकून ठेवला आणि मग पातळ थरांत गिलावा केला. सिमेंटसारखा तो रात्रीत कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू दगड होत जातो. तोवर दिवसातून दोनदा पाण्याचा हलका शिडकावा करायचा. ते काम माझ्याकडे आलं. सकाळी बँकेत जायच्या आधी मी भिंतीला पाणी घालत होते आणि शेजारच्या काकू विचारत होत्या, काही उगवायचंय का.

आता रेघांबद्दल. ओसरीत दाराच्या उजव्या हाताला आमच्याकडे पुराच्या रेघा होत्या. पहिली १९६९ ची, आजेसासऱ्यांनी खिळ्याने गिलाव्यात कोरलेली, माझ्या छातीच्या उंचीवर. खाली २००८ आणि २०१६ च्या. गंगेकाठचं गाव पुराची उंची नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतं, आमच्या घरात ती भिंतीवर लिहिलेली होती. २०१७ ला सिमेंटचा पट्टा झाला तेव्हा खालच्या दोन्ही रेघा राडारोड्यात गेल्या आणि वरची रंगाखाली गडप झाली. सासूबाईंनी त्या ठेकेदाराला फोड आल्याबद्दल माफ केलं असतं. रेघांबद्दल नाही.

खरवडायच्या आधी त्यांनी मिस्त्रीला ओसरीत उभं केलं आणि भिंतीवर हात ठेवून सांगितलं, "इथे आहे. इथे पत्री लावायची नाही." मिस्त्रीने तिथे ओलं फडकं ठेवलं, भिंत भिजू दिली आणि पत्रीऐवजी पुठ्ठ्याच्या तुकड्याने थर काढायला लागला. वरचा मोतिया इमल्शन सालीसारखा निघाला. त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, त्याखाली पिस्त्याच्या रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा (ऐंशीच्या दशकात प्रत्येक घराला असायचा तो, डोकं टेकून तेलकट होऊ नये म्हणून), आणि मग निळीच्या चुन्याचे हात, एकावर एक. दर दसऱ्याला एक. किती ते मोजायचा मी प्रयत्न केला, एकोणीसला सोडून दिलं. सगळे मिळून जेमतेम नाण्याएवढी जाडी. मिस्त्री म्हणाला, याच्यावरच लोक पुट्टी मारतात. पुट्टी पक्की, वाळताना आवळते, आणि खालचा चुना भुसभुशीत, मग पुट्टी त्याला घेऊन उतरते.

रेघ निघाली. सासूबाईंनी दाखवली त्याच्या चार बोटं खाली, पण निघाली. आत साचलेला निळा चुना त्यांनी स्वतः हेअरपिनने कोरून काढला.

खालच्या दोन रेघा नव्या गिलाव्यात परत कोरायच्या होत्या, ओला असतानाच. २००८ च्या उंचीबद्दल वाद नव्हता, पाणी चौकटीच्या खालच्या बिजागरीला लागलं होतं हे सगळ्यांना आठवत होतं. २०१६ चा फोटो मुलाच्या फोनमध्ये सापडला. त्यावरून मामांनी उंबऱ्यापासून दोरा धरून उंची काढली, गवंड्यांनी करणीचं टोक लावलं, आणि सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "दोन बोटं वर."

"आजी, फोटोत इथंच आहे," मुलगा म्हणाला.

"फोटो कधी काढलाय? पाणी उतरायला लागल्यावर. त्याआधी सगळे माडीवर होते, मी जिन्यात बसून बघत होते."

गवंड्यांनी मामांकडे बघितलं, मामांनी दोरा गुंडाळला. रेघ दोन बोटं वर आहे.

दारं-खिडक्यांचं काम मात्र मी अडवलं. मिस्त्रीची पोरं चौकटी कोरड्या कागदाने घासायला बसली होती आणि माजघरात हिरवी धूळ तरंगत होती. ऑइलपेंटमध्ये पूर्वी शिसं असायचं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या चौकटींवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा, आणि नणंदेची चार वर्षांची नात दुपारी तिथेच रांगोळीच्या डब्याशी खेळत होती. मिस्त्रीला आधी हे फॅड वाटलं. मग म्हणाला, "आमचे उस्ताद लाकडाला शेंदराचा अस्तर मारायचे." शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. ते त्याला माहीत नव्हतं, पण सांगितल्यावर तो गप्प झाला आणि दुकानातून वॉटर पेपर घेऊन आला. नंतर सगळं पाणी लावून घासलं, चिखल पुसून पिशवीत भरला, पोरांना मास्क दिले. मास्क त्यांनी हनुवटीवर लावले. त्यापुढे माझं काही चाललं नाही.

पुढचा भाग असा सरळ गेला, भांडण झालं ते मागच्या सोप्या भागात. फेब्रुवारीच्या शेवटी मिस्त्रीने इंदिरानगरला दुसरी साईट धरली. मला सांगितलं नाही. पोरं मागे ठेवली आणि सकाळी तोंड दाखवून जायला लागला. एका संध्याकाळी मी नव्या पुट्टीच्या भिंतीवर सहज पेरं आपटली. त्यानेच लावलेली सवय. कपाटामागच्या कोपऱ्यात बद्द. कपाट जड म्हणून पोरांनी ते फूटभरच सरकवलं होतं आणि मागचा सुटलेला जुना रंग न काढता तसाच लिंपला होता. मी फोन केला. तो रात्री नऊला आला, वाजवून बघितलं, पोरांना एक शब्द बोलला नाही. स्वतः पत्री घेतली आणि साडेअकरापर्यंत तो कोपरा साफ केला. माझा राग त्यामुळे अर्धा गेला, अर्धा राहिला. दुसऱ्या दिवसापासून इंदिरानगरला तो दुपारनंतर जायचा.

मटेरियल आपलं असलं की डबा आपल्यासमोर उघडायचा, हे मामांचं फर्मान. रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं, ते त्याचं त्याला मिळावं, त्यात वाईट काही नाही. पण त्या टोकनापायीच कुठली कंपनी चांगली हे ठरू नये. पाणीही डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायला लावलं. २,०८० फुटांना वीस लिटरची एक बादली पुरेल, गुळगुळीत भिंतीला लिटरमागे एकशेवीस-तीस फूट दोन हातांत होतात, असा मिस्त्रीचा हिशोब होता. पुरली, फक्त मागच्या जिन्याची एक भिंत सोडून. तिथे लिटरभर कमी पडला. तोच शेड नंबर, तेच दुकान, तेच मशीन, तरी दुसऱ्या वेळचा रंग केसभर वेगळा आला. नवऱ्याला दिसत नाही. मला रोज सकाळी दिसतो.

बाहेरच्या भिंतीला मिस्त्री हात लावेना. मार्च उजाडला, होळी झाली, मी विचारलं तर म्हणाला, "ताई, रंगपंचमी होऊ द्या की." जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवाईपासूनच्या रहाडी उघडतात. वर्षभर मातीखाली बुजवलेले ते हौद उकरून रंगाने भरतात आणि लोक त्यात धप्पकन उड्या मारतात. तिथून भिजून निघालेला माणूस घरी जाताना गल्लीतल्या सगळ्या भिंतींना टेकत जातो. १९ मार्चला आमच्या भिंतीवर पिवळे-केशरी अकरा पंजे उमटले. ते धुतले आणि पाडव्याच्या आत, दहा दिवसांत, बाहेरचा हात पूर्ण केला. पाडव्याला गुढी नव्या भिंतीपुढे उभी राहिली, पण तिची काठी टेकवताना नवऱ्याच्या काळ्या जाकिटाला पाठभर पिवडी लागली. चुना अंगाला लागतो. डिंकाचं पाणी घातलं तरी थोडा लागतोच. नवरा अजून सांगतो की १,३४,००० रुपये देऊन आपण भिंतीला पाठ टेकवायची सोय घालवली.

शेवटच्या हिशोबात मिस्त्रीने जिन्याच्या भिंतीचे आठशे रुपये स्वतःहून कमी केले. मग बादल्यांचं निघालं. रिकाम्या बादल्या रंगारी नेतो अशी रीत आहे आणि त्या माझ्या असं मी कागदावर लिहून घेतलं होतं. वीस लिटरच्या तीन होत्या. "एक तरी द्या ताई," म्हणाला. मी देणार होते, पण सासूबाईंनी तोवर तिन्ही घासून माडीवर नेल्या होत्या.

पावसाळा लागल्यापासून ओसरीच्या भिंतीवर पांढरा शोरा येतो. मिस्त्रीने सांगितलं होतं येईल म्हणून. दर रविवारी मी तो कोरड्या कुंच्याने झाडते, खाली पेपर अंथरून. फोड नाहीत. परवा धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला तेव्हा सासूबाईंनी २०१६ च्या रेघेकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, डाळी-तांदूळ वर नेऊन त्या बादल्यांत भर, झाकणं घट्ट लाव.